घरगुती फायरवॉल आणि एकशे बारा रिकामी घरे

सुरक्षित व्यवस्थेची खरी खूण अशी, की तिच्यात कोणालाही काहीही करता येत नाही. ज्या कपाटाची किल्ली हरवली आहे, त्यातली फाइल चोरीला गेल्याचे ऐकिवात नाही. जो पूल बांधलाच नाही तो कधी पडत नाही. (पडल्याची एक नोंद आहे, पण ती चौकशी अजून चालू आहे.) संगणकाचेही तसेच. जगातला सर्वांत निर्धोक संगणक म्हणजे खोक्यातून बाहेर न काढलेला संगणक, आणि नोंदरावांना विचारले असते तर त्यांनी घरचा संगणक खोक्यातच राहू दिला असता. पण त्यांना कोणी विचारले नव्हते. निवृत्त झाल्यापासून तीन वर्षे त्यांना कोणीच काही विचारले नव्हते, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ संगणकात नसून इथे आहे.

नोंदराव हे अर्थातच त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. एका मोठ्या कार्यालयाच्या आवक-जावक विभागात त्यांनी चौतीस वर्षे काढली. आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावरून, त्यांच्या वहीतून आणि त्यांच्या शिक्क्याखालून गेला. अपूर्ण अर्ज त्यांच्यापुढे कधी एक इंच सरकला नाही. एकदा खुद्द वरिष्ठ साहेबांचा रजेचा अर्ज, 'कारण' हा रकाना रिकामा म्हणून त्यांनी परत केला होता. साहेबांनी तिथे 'लग्न' असे लिहून आणले, तेव्हा 'कोणाचे ते नमूद करावे' असा शेरा मारून पुन्हा परत केला. (ते साहेबांचेच होते. मुहूर्त टळला. साहेब आजतागायत एकटे आहेत आणि दरवर्षी न चुकता नोंदरावांना शुभेच्छापत्र पाठवतात.)

घरी मात्र ना आवक होती ना जावक. जे काही येई-जाई ते सगळे बायकोचे. बाई शब्दकोडी रचत. एका साप्ताहिकात दर रविवारी त्यांचे कोडे छापून येई आणि त्यासाठी दर गुरुवारी दुपारी चारच्या आत ते ईमेलने संपादकांकडे पोचावे लागे. साडेनऊ वर्षांत बाईंचा एकही गुरुवार चुकला नव्हता. अंगात ताप असताना त्यांनी कोडे पाठवले होते, सख्ख्या भाच्याच्या लग्नात मांडवामागे बसून पाठवले होते. चारशे नव्वद कोडी झाली होती आणि पाचशेवे दृष्टिपथात होते. साप्ताहिकाने जाहीरही करून टाकले होते, की पाचशेव्या कोड्याचे अचूक उत्तर पाठवणाऱ्या प्रत्येक वाचकाला एक थर्मास मिळेल. घोषणा उदार होती, पण त्यात धोका नव्हता. बाईंची कोडी अशी अवघड, की अचूक उत्तरांचा आजवरचा उच्चांक एकतीस होता आणि त्यातही चार उत्तरे एकाच घरातली होती.

अशा वेळी संगणक आजारी पडला.

लक्षणे अशी: दर अर्ध्या तासाने पडद्यावर एक हसरी कवळी येई, 'अभिनंदन!' म्हणे आणि निघून जाई. एरवी तिचा कोणाला काही त्रास नव्हता. पण बाई एखाद्या आडव्या शब्दावर डोके खाजवत असताना समोर बत्तीस दात येऊन हसू लागले, की त्यांचे पित्त खवळे.

दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने खुर्चीवर बसायच्या आधीच निदान केले.

"व्हायरस आहे काका. एक अँटिव्हायरस टाकतो, फायरवॉल चालू करून देतो. पाच मिनिटांचं काम."

"कोणता अँटिव्हायरस?" नोंदराव म्हणाले.

"कोणताही. सगळे सारखेच असतात हो."

नोंदरावांनी मनातल्या मनात त्याच्यावर लाल रेघ मारली. सगळे सारखेच असते म्हणणाऱ्या माणसाला निवड प्रक्रियेच्या आसपास फिरकू देऊ नये, हे त्यांचे तत्त्व होते. तरी सौजन्य म्हणून त्यांनी विचारले, "आणि ते फायरवॉल म्हणजे काय?"

"म्हणजे बघा, आत काय येतंय, बाहेर काय जातंय, त्यावर लक्ष ठेवायचं. कोणाला सोडायचं, कोणाला अडवायचं."

नोंदरावांच्या हातातला कप बशीवर वाजला.

"म्हणजे आवक-जावक?"

"तसंच समजा."

त्यांनी दुरुस्तीवाल्याला चहा पाजून, आभार मानून, वाटेला लावले. हे पाच मिनिटांचे काम नव्हते. पाच मिनिटांत केले असते तर तो त्या खात्याचा अपमान झाला असता.

दुसऱ्या दिवशी 'घरगुती संगणक संरक्षण साधन निवड समिती' अस्तित्वात आली. अध्यक्ष नोंदराव. सदस्य बाई (त्यांचा विरोध नोंदवून घेण्यात आला). तज्ज्ञ सदस्य म्हणून वरच्या मजल्यावरचे निवृत्त गुरांचे डॉक्टर घेतले, कारण व्हायरस या विषयात उभ्या इमारतीत त्यांच्याइतका अनुभव कोणाला नव्हता. चाळीस वर्षांत त्यांनी लाळ्या-खुरकुताच्या सतरा साथी आटोक्यात आणल्या होत्या आणि हे सांगायला त्यांना निमित्तच हवे होते.

डॉक्टरांनी संगणकाच्या पाठीवर हात ठेवला. "अंग तापलंय," ते म्हणाले. मग नळी लावून पंख्याचा आवाज ऐकला. "धाप लागतेय. उठायला वेळ लावतो का सकाळी?"

"लावतो की," बाई म्हणाल्या. "दहा-दहा मिनिटं."

"मग वेगळा बांधा."

डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार संगणक इतर निरोगी यंत्रांपासून दूर, खिडकीजवळच्या टेबलावर हलवण्यात आला. टीव्हीचा रिमोट आणि बाईंचा कॅल्क्युलेटर यांना कपाटात ठेवले. संगणकाच्या निकट संपर्कात आलेला पेनड्राइव्ह एका पत्र्याच्या डब्यात घालून डॉक्टरांच्या घरी एकवीस दिवसांसाठी दाखल झाला. त्याला ताप नव्हता, पण त्या रोगात असेच असते म्हणे.

समितीच्या अकरा बैठका झाल्या. पहिल्या दहांत मागील बैठकीचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. अकराव्या बैठकीत निवडीचे निकष ठरले. ते पुढे अभ्यासूंना उपयोगी पडतील म्हणून इथे देत आहोत:

एक, साधनाने आजवर किती व्हायरस पकडले. दोन, पकडल्यावर त्यांचे काय केले (पावती असल्यास जोडावी). तीन, साधनाचा स्वभाव. चार, साधन स्वतः आजारी पडल्यास त्याच्या जागी काम पाहणारा कोण. पाच, साधन मोठ्यांशी अदबीने बोलते का.

सहावा निकष बाईंनी सुचवला होता, 'गुरुवारच्या आत बसवून होईल का'. तो विषयाशी संबंधित नसल्याने वगळण्यात आला.

मग चाचण्या सुरू झाल्या. चार साधने महिनाभर फुकट वापरून पाहण्याची सोय होती. पहिल्याने संगणकात शिरल्या शिरल्या एक हजार तीनशे सत्तेचाळीस धोके शोधून काढले आणि लाल दिवा लावून बोंब ठोकली. त्यात बाईंनी रचलेली चारशे नव्वद कोडी हेही धोकेच होते. (एका कोड्यापुरते डॉक्टर त्याच्याशी सहमत झाले. त्यांना ते सुटले नव्हते.) एवढा घाबरट पहारेकरी नको, म्हणून तो बाद. दुसऱ्याला काहीच सापडले नाही. कवळी समोर उभी राहून हसत असताना तो 'सर्व काही ठीक आहे' असे हिरव्या अक्षरांत सांगत होता. नोंदरावांना तो चेहरा ओळखीचा वाटला. असे तीन जण त्यांच्या वेळी बढतीवर गेले होते. पण घरात ठेवायला नको. दुसरा काढायचा राहून गेला आणि तिसरा बसवला, तेव्हा तिसऱ्याने दुसऱ्याला व्हायरस म्हणून धरले, त्याच क्षणी दुसऱ्याने तिसऱ्याला धरले, आणि दोघांनी एकमेकांना कोठडीत घातले. तिथून ते दोघे एकमेकांच्या तक्रारी पाठवत राहिले. 'दोघांचेही म्हणणे खरे असण्याची शक्यता नाकारता येत नाही', एवढे समितीने नोंदवले आणि पुढचा विषय घेतला.

चौथे साधन बसवले तो सोमवार होता. सकाळचे सव्वाअकरा. पडद्याच्या मधोमध एक पांढरी चौकट उघडली. तिच्यात लिहिले होते:

'घड्याळ हा प्रोग्रॅम बाहेर जाऊ इच्छितो. आपण परवानगी द्याल का?'

नोंदरावांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला. चौकट तशीच उभी होती. ती घाई करत नव्हती. त्यांनी 'होय' म्हटल्याशिवाय घड्याळ जागचे हलणार नव्हते. तीन वर्षांत या घरात त्यांना कोणी 'भाजी कोणती आणू' असेही विचारले नव्हते, आणि हे परके साधन हात जोडून उभे होते. खोटे कशाला सांगा, त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"हेच," ते म्हणाले. "समितीचा निर्णय झाला."

साधनाला सावधगिरीच्या पाच पायऱ्या होत्या. नोंदरावांनी पाचवी निवडली: 'प्रत्येक वेळी विचारा'. चौकटीच्या तळाशी 'माझा निर्णय लक्षात ठेवा' असा एक छोटा चौकोन होता. तिथे एकदा टिचकी मारली की साधन पुन्हा विचारत नसे. तो चौकोन नोंदरावांनी पाहिला आणि तोंड फिरवले. आज एका घड्याळाला कायमची मोकळीक दिली, तर उद्या कॅलेंडर दारात उभे राहील.

माळ्यावरून जुनी वही खाली आली. डाव्या पानावर आवक, उजव्या पानावर जावक. टेबलावर पाटी लागली: 'कामकाजाची वेळ सकाळी १० ते सायंकाळी ५.३०. जेवणाची सुट्टी १.३० ते २.१५. कृपया रांगेत या.' रांगेत येण्यासारखे घरात एकच माणूस होते. तरी पाटी लावली.

पहिल्या आठवड्याचे आकडे बोलके आहेत. साधनाने विचारलेले प्रश्न: दोन हजार आठशे चौऱ्याहत्तर. मंजूर: बहात्तर. अपूर्ण माहितीअभावी परत: दोन हजार आठशे एक. राहिला एक, तो 'आपण अजून तिथे आहात का?' असा होता, आणि त्यावर नोंदरावांनी 'होय, सेवेत आहे' असे उत्तर लिहून खाली सही केली. संगणकाचा वेग घटला, हे खरे. एक चित्र उघडायला तीन तास आणि एक शिफारसपत्र लागे. पण नोंदरावांच्या गालांवर तेज आले. ते रोज दाढी करू लागले. पायांचे दुखणे विसरले. बाईंनाही ते दिसत होते आणि म्हणूनच त्या आठवडाभर ओठ आवळून गप्प राहिल्या.

कवळीचे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यायचे असेल. ती मंगळवारीच रांगेत आली. 'हसरी कवळी आत येऊ इच्छिते. परवानगी?' नोंदरावांनी तपशील मागवला. तिने नाव, प्रकाशकाचे नाव, आवृत्ती, हेतू ('आनंद पसरवणे'), पत्ता आणि दोन प्रमाणपत्रे, सर्व काही जिथल्या तिथे भरून दिले. एक रकाना रिकामा नव्हता. चौतीस वर्षांत एवढा स्वच्छ अर्ज त्यांनी पाहिला नव्हता. ('लबाडाचे कागद नेहमी पुरे असतात,' असे बाई म्हणाल्या, पण ते तोंडी होते.) कवळी आवक क्रमांक ३१७ ने रीतसर आत आली. आता ती दर पंधरा मिनिटांनी हसू लागली, पण अधिकृतपणे.

याप्रमाणे दोन महिने गेले. बाईंची कोडी जात होती, मात्र कशी जात होती ते त्यांनाच ठाऊक. बुधवारी सकाळी त्या अर्ज करत आणि गुरुवारी दुपारपर्यंत नोंदराव 'कोडे' या शब्दापुढे 'म्हणजे नेमके काय' असे लिहून परत करत नाहीत ना, या धास्तीत राहत. पण त्या दिवसांत नोंदराव फक्त पाकीट तपासत. पत्ता, विषय, दिनांक. आतले कागद उघडून पाहायचे त्यांनी ठरवले नव्हते.

पाचशेव्या कोड्याचा गुरुवार उजाडला, आणि नेमके त्याच सकाळी साधनाने स्वतःत सुधारणा करून घेतली. आता चौकटीत नवीन प्रश्न होता: 'बाहेर जाणाऱ्या पत्राला एक फाइल जोडलेली आहे. आपण ती तपासली आहे का?'

नोंदरावांना खोटे बोलता येत नव्हते. त्यांनी फाइल उघडली.

बाईंनी या कोड्यावर तीन महिने घालवले होते. तेरा आडवी, तेरा उभी, एकूण एकशे एकोणसत्तर घरे. त्यांतली सत्तावन्न काळी, एकशे बारा पांढरी. काळी घरे मिळून मधोमध पाचशेचा आकडा उमटत होता. असे कोडे आयुष्यात एकदाच जमते, असे त्या स्वतःच म्हणाल्या होत्या.

"अगं, इकडे ये जरा," नोंदराव म्हणाले. तेव्हा सव्वातीन झाले होते.

"गेलं का?"

"कसं जाईल? फॉर्म कोरा आहे."

"कुठला फॉर्म?"

"हा काय. एकशे बारा रकाने, एकातही माहिती नाही. आणि ही काळी खाडाखोड एवढी? सत्तावन्न ठिकाणी! खाडाखोडीशेजारी सही लागते, माहीत नाही का तुला?"

बाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिले, मग पडद्याकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"अहो, ते कोडं आहे! घरं रिकामीच असतात. ती वाचणाऱ्यांनी भरायची!"

"म्हणजे आपण कोरं पाठवायचं आणि परक्या माणसांनी त्यात काय वाटेल ते लिहायचं? आणि वर नाव तुझं? उद्या कोणी काही भलतंसलतं भरलं तर जबाबदार कोण?"

"साडेनऊ वर्षं हेच करतेय मी!"

"मला आज कळलं," नोंदराव गंभीरपणे म्हणाले. "झालं ते झालं. मी मागचं उकरून काढणार नाही."

बाईंनी समजावून पाहिले, ओरडून पाहिले, एकदा तर हातही जोडले. नोंदराव हलले नाहीत. त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. कोरा फॉर्म बाहेर सोडणे म्हणजे घरच्या माणसाला पावसात बिनचपलेचे बाहेर काढणे, असे त्यांना मनापासून वाटत होते. पावणेचार वाजले.

"राखणीला बसवलं कुंपण आणि त्यानंच खाल्लं शेत!" बाई कडाडल्या. "मी वरून पेनड्राइव्ह आणते आणि डॉक्टरांच्या संगणकावरून पाठवते. बसा तुम्ही वही घेऊन!"

आणि त्या जिना चढून गेल्या. वर डॉक्टर पेनड्राइव्ह सोडायला तयार नव्हते. एकवीस दिवस केव्हाच संपले होते, पण सोडण्यापूर्वी त्याला एकदा चालवून पाहावे लागेल, असे त्यांचे म्हणणे होते.

खाली नोंदराव एकटे उरले. चारला तेरा मिनिटे होती. बाईंच्या डोळ्यांत त्यांनी मघाशी पाणी पाहिले होते आणि ते त्यांना सहन होत नव्हते. बेचाळीस वर्षांच्या संसारात ती बाई त्यांच्यापुढे दोनदाच रडली होती. कोडे चारच्या आत गेलेच पाहिजे, हे त्यांनाही कळत होते. आणि कोरे जाता कामा नये, हेही. तेव्हा सभ्य माणसापुढे जो एकच मार्ग उरतो तो त्यांनी धरला. फॉर्म त्यांनी स्वतः भरायला घेतला.

त्यांनी प्रश्न काळजीपूर्वक वाचले. 'आडवे १: खोल समुद्रातला वाटसरू.' त्यांनी विचार केला. घरात तसे कोणी नव्हते. बायकोच्या माहेरीही नव्हते. 'उभे ४: डोक्यावर मुकुट, पण राज्य नाही.' तसेही कोणी नाही. 'आडवे ९: न बोलावता येतो, न सांगता जातो.' एक मेहुणा होता, पण तो वारला. जिथे सांगण्यासारखे काही नसते तिथे सरकारदरबारी एकच शब्द लिहितात, आणि तो लिहिताना नोंदरावांचा हात चौतीस वर्षांत कधी थरथरला नव्हता. त्यांनी लिहिले: नि, रं, क. पुढच्या तीन घरांत पुन्हा नि, रं, क. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, सदतीस वेळा निरंक. शेवटचे एक घर उरले, तिथे आडवी रेघ मारली. तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी पांढऱ्या चौकटीतल्या 'होय'वर बोट ठेवले आणि पत्र बाहेर पडले. जावक क्रमांक ४१२.

बाई धापा टाकत रिकाम्या हाताने परत आल्या, तेव्हा ते नुसते एवढेच म्हणाले, "गेलं. वेळेत गेलं." बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी नोंदरावांचा हात हातात घेतला. काय करून गेले, हे त्यांनी विचारले नाही.

साप्ताहिकाच्या कचेरीत कोणीतरी ते पाहायला हवे होते, असे आता लोक म्हणतात. पण बाईंचे पान साडेनऊ वर्षांत कोणी तपासले नव्हते. त्यांच्या कामात चूक नसतेच, अशी ख्याती होती. रविवारी पाचशेवे कोडे जसे आले तसे छापले गेले.

बाईंनी अंक उघडला, पाहिला आणि मिटून ठेवला. त्या नोंदरावांशी बोलेनाशा झाल्या. चौथ्या दिवशी संपादकांचा फोन आला. त्यांचा आवाज बसला होता.

"बाई, उत्तरं आली."

"आली असतील. शिव्यांची किती?"

"एकही नाही. दोन हजार तीनशे सोळा उत्तरं आली आहेत. सगळी निरंक. सगळी अचूक. शेवटच्या रेघेसकट! एका वाचकानं लिहिलंय, या वेळचं कोडं जरा सोपं होतं, पण आडवे नऊवर अडलो होतो."

साडेनऊ वर्षे बाई ज्यांच्यासाठी डोके झिजवत होत्या, त्यांची ही पहिली ओळख होती.

"वकील म्हणतात, छापलं तेच अचूक," संपादक म्हणाले. "म्हणजे दोन हजार तीनशे सोळा थर्मास. मालकांनी सांगितलंय, यातून वाट काढा, नाहीतर कोडं बंद. कायमचं."

बाईंनी फोन ठेवला. मग त्या टेबलाशी आल्या, नोंदरावांना खुणेनेच उठवले आणि लिहायला बसल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक विजेत्याच्या संगणकावर साप्ताहिकाची एक चौकट पोचली. 'अभिनंदन! बक्षीस मिळवण्यापूर्वी खालील अटी वाचून मान्यता द्यावी.' खाली अटी होत्या:

१. मी हे कोडे सोडवलेले नाही. ते भरूनच छापले होते.

२. माझे उत्तर चुकीचे आहे, हे मला ठाऊक आहे. ठाऊक नसल्यास आता झाले.

३. थर्मासवर माझा हक्क नाही. मी तो मागणार नाही.

४. यापुढे दर गुरुवारी दुपारी तीन ते चार मी आवक-जावक टेबलाशी हजर राहून फायरवॉलच्या प्रश्नांना उत्तरे देण्यास मदत करीन. हे काम मी विनातक्रार आणि आजन्म करीन.

सर्वांत खाली मोठे, हिरवे, गोजिरे बटण: 'मी वरील सर्व वाचले असून ते मला मान्य आहे.'

संध्याकाळपर्यंत दोन हजार तीनशे पंधरा जणांनी मान्यता दिली. साप्ताहिकाच्या यंत्रणेने वेळही मोजला होता. अटी वाचायला सावकाश माणसाला एक मिनिट लागते. मान्यता द्यायला सरासरी दीड सेकंद लागला. साप्ताहिक वाचले, कोडे वाचले, आणि आपली फसगत झाली अशी तक्रार कोणीही केली नाही, कारण ती झाली हे कोणी वाचलेच नव्हते.

एकाच विजेत्याने मान्यता दिली नाही. त्याचे तीन पानी पत्र आले. त्यात म्हटले होते, की अट क्रमांक दोन मान्य करता येत नाही. रकान्यात काही नव्हते आणि काही नाही असेच नमूद केले आहे, तेव्हा उत्तर चुकीचे कसे, याचा खुलासा व्हावा. अट क्रमांक चारमध्ये जेवणाच्या सुट्टीचा उल्लेख नाही. तसेच 'आजन्म' म्हणजे कोणाच्या, ते स्पष्ट नाही. खाली जावक क्रमांक होता.

बाईंनी ते पत्र पडद्यावर वाचले आणि मान वळवून पाहिले. नोंदराव बाजूच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते. वर्तमानपत्र उलटे होते.

"तुम्हीसुद्धा उत्तर पाठवलं होतं?"

"साडेनऊ वर्षं दर रविवारी करून बघतो तुझं कोडं. वाटायचं, घरं छापखानावालेच रिकामी करतात," वर्तमानपत्रामागून आवाज आला. "एकदाही सुटलं नाही. या वेळी म्हटलं, येतंय तर पाठवावं."

बाई हसू लागल्या. डोळे पुसत, टेबलाला धरून, आठवडाभराचे साठलेले हसल्या. साऱ्या वाचकांत त्यांचे लिहिलेले अक्षर न् अक्षर वाचणारा एकच माणूस निघाला होता आणि त्याच्याशीच त्यांनी अबोला धरला होता. पुढच्या गुरुवारचे कोडे त्यांनी आपणहून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि विचारले, "परवानगी आहे का?" साप्ताहिकाने नाइलाजाने एक थर्मास पाठवला.

तेव्हा आता प्रश्न उरतो तो अट क्रमांक चारचा. दोन हजार तीनशे पंधरा मान्यताधारकांची यादी नोंदरावांनी तयार केली आहे. त्यात आपले नाव आहे की नाही, हे शपथेवर सांगता येईल का? गेल्या महिन्यात आपल्या पडद्यावर ज्या ज्या चौकटी आल्या, त्यांतल्या एकीत तरी काय लिहिले होते, आठवून पाहा. बटण हिरवे होते, एवढे आठवते ना? मग गुरुवारी तीनला या. रांग जिन्यापासून सुरू होते.